तांब्याची वाटी, मातीचं वाडगं आणि दाढीचा फेस

साबण कोणता, ब्रश कोणत्या केसांचा, पातं किती दिवसांनी बदलायचं यावर भरभरून बोलणारी माणसं मला भेटली आहेत. वाटीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. स्वयंपाकघरातून बाद झालेली एखादी स्टीलची वाटी, नाहीतर क्रीमसोबत आलेला प्लास्टिकचा मग न्हाणीघराच्या फळीवर जातो आणि तिथेच राहतो. फेसाचा निम्मा कारभार वाटीचा असतो असं माझं ठाम मत आहे, म्हणून मी माझी वाटी पुण्यात घडवून घेतली. आतली वाटी तांब्याची, कल्हई केलेली. तिला गरम पाण्यात धरून ठेवणारं बाहेरचं वाडगं भाजलेल्या मातीचं. हे सगळं ठरत कसं गेलं आणि घडलं कसं ते सविस्तर लिहितो आहे, कारण मी सुरुवात केली तेव्हा यातलं काही सांगणारं कोणी मला सापडलं नव्हतं.

आधी वाटीत काय चालतं ते. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि त्यातला बराच भाग सोड्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबणात बदललेला असतो. त्यामुळे तो अंगाच्या साबणापेक्षा लवकर विरघळतो आणि त्याचा फेस दाट, टिकाऊ होतो. ब्रश फिरवायला लागलं की पहिल्यांदा मोठे, पोकळ बुडबुडे येतात. ब्रशाची टोकं तळावर घासत राहिली की ते फुटून बारीक होत जातात, मधूनमधून चमचाभर पाणी द्यावं लागतं, आणि शेवटी फेस विरजलेल्या दह्यासारखा घट्ट आणि चकचकीत दिसायला लागतो. ही सगळी घुसळण तळावर होते. तळ गुळगुळीत असेल तर ब्रश नुसता घसरतो आणि हात दुखेपर्यंत बुडबुडे मोठेच राहतात. कोपरे असतील तर साबण कोपऱ्यात जाऊन बसतो. वाटी अरुंद असेल तर ब्रश पसरत नाही, फार रुंद असेल तर फेस पातळ थरात पसरून निवतो.

निवण्याचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दाढीचा केस पाणी शोषतो आणि मऊ होतो. कोमट ओलाव्यात दोन-तीन मिनिटं मिळाली तर पातं सहज चालतं. मी सुलटी आणि मग उलटी अशी दोनदा दाढी करतो. पहिल्या हाताला फेस ऊबदार असतो आणि दुसऱ्या हाताला गार पडलेला असतो, हे डिसेंबर-जानेवारीतल्या पुण्याच्या सकाळी फार जाणवतं. माझी त्वचा हळवी आहे. गार फेसावर उलटा हात फिरवला की मानेवर पुरळ उठतं. वाटी नीट करून घ्यायचं मनावर घेतलं ते यासाठी.

घरातली भांडी आधी पाहून झाली. स्टीलची वाटी हलकी असते, ब्रशाच्या जोराने ओट्यावर फिरते आणि तिचा तळ आरशासारखा घोटलेला असतो. दगडी खल मला फार आवडला होता, कारण तळाला खरखर आहे, वजन आहे आणि गरम पाण्याने एकदा तापला की बराच वेळ ऊब धरतो. पण साबणाच्या ओल्या हाताने तो रोज उचलायचा आणि खाली फरशी, हे काही जमणारं नव्हतं. सावंतवाडीची लाकडी, लाखेची वाटी दिसायला देखणी असते. लाखेला गरम पाणी मानवत नाही. आईकडे तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी होती, तिच्यात फेस बरा झाला, पण ती उथळ आणि लहान. तशीच मोठी करून घ्यावी म्हटलं तर कासं म्हणजे तांब्यात पाचव्या हिश्श्याच्या आसपास कथील. ते गार असताना ठोकलं तर तडकतं. त्याला आपल्या मनासारखा आकार देणं हे साध्या पत्र्याच्या कामासारखं नाही. चिनी मातीचे आतून वळ्या असलेले वाडगे विकत मिळतात आणि त्यातले काही खरोखर चांगले असतात. मला मात्र माझ्या ब्रशाला, माझ्या हाताला आणि त्या गार पडण्याच्या तक्रारीला उत्तर हवं होतं.

तांबट आळीत जायचं ठरलं ते यातूनच. कसबा पेठेतली ही आळी पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी वसवली असं सांगतात. आजही तिथे शिरताना ठोक्यांचा आवाज आधी येतो आणि दुकानं नंतर दिसतात. बंब, घंगाळी, हंडे, कळशा, हल्ली पाण्याच्या बाटल्या आणि दिव्यांच्या छत्र्यासुद्धा. तिथल्या एका वयस्कर कारागिरांकडे बसलो. त्यांचं नाव लिहायची त्यांची इच्छा नाही, म्हणून काकाच म्हणतो.

मी ब्रश सोबत नेला होता. काकांनी तो हातात घेतला, दांडा फिरवून पाहिला, केसांवर अंगठा दाबला आणि पत्र्यावर टेकवून केस किती पसरतात ते पाहिलं.

"रानडुकराचा?"

"डुकराच्याच केसांचा. भिजवल्यावर मऊ पडतो."

"मग तळाला धार चालायची नाही. केस तुटतील." असं म्हणून त्यांनी पाटीवर खडूने एक वर्तुळ काढलं. "दाबल्यावर हा पाच सेंटीमीटर पसरतोय. याच्या दुप्पट जागा पाहिजे फिरवायला. काठाला बारा घ्या, तळ आठाचा, खोली सहा. मधे कुठे कोपरा नाही."

मी घरून पुठ्ठ्याचं माप करून नेलं होतं ते अकराचं होतं. त्यांनी पुठ्ठ्याच्या कड्यात मला ब्रश फिरवायला लावला आणि मनगट कुठे अडतं ते दाखवलं. बारा ठरलं.

जाडीवर बराच वेळ बोललो. बाजारातल्या शोभेच्या तांब्याच्या वाट्या पातळ पत्र्याच्या असतात. मला वजन हवं होतं, म्हणजे वाटी जागची हलणार नाही. अठरा गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर असतो; त्यात वाटीचं वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास जाईल असा हिशोब निघाला. तांब्याची घनता पाण्याच्या जवळजवळ नऊपट आहे, तेव्हा लहानशी वाटीही हाताला भरीव लागते. तांबं वजनावर आणि घडाई निराळी, असा तिथला व्यवहार.

मग काका जे बोलले त्याने सगळी आखणीच बदलली. "तांबं लवकर तापतं आणि लवकर निवतं. तुम्हाला गरम पाहिजे म्हणता, तर नुसत्या तांब्यात ते राहायचं नाही."

ते बरोबर होतं. तांब्यातून उष्णता स्टीलच्या वीसपटीहून अधिक सहज वाहते. वाटी गरम पाण्याने तापवून घेतली तरी ती ऊब ती हवेला आणि ओट्याच्या दगडाला लगेच देऊन टाकणार. पण हाच गुण उलटा वापरता येतो. वाटीच्या खाली आणि भोवती गरम पाणी असेल तर तेच तांबं पाण्यातली ऊब तितक्याच तत्परतेने फेसापर्यंत आणून देईल. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात दाढीचे चोचवाले मग निघाले होते. खाली गरम पाणी, चोचीतून ब्रश भिजवायचा आणि वरच्या भोकाच्या ताटलीवर साबण. त्यातही पाणी जवळ ठेवायची कल्पना होती, पण ते बहुतेक सबंध मातीचे असत. वर तांबं आणि बाहेर माती अशी जोडी केली तर तांबं ऊब देईल आणि माती ती अडवून धरेल. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी पाटीवरच्या वर्तुळाभोवती दुसरं वर्तुळ काढलं आणि म्हणाले, "मग काठ आत नको वळवायला. बाहेर पसरू. मातीच्या भांड्यावर टेकेल असा."

असा तो एक सेंटीमीटरचा आडवा काठ आला. त्यानंतर निघाला वाटी फिरण्याचा प्रश्न. ब्रशाचा जोर लागला की वाटी वाडग्याच्या तोंडावर गरगर फिरणार. मी म्हटलं, दोन कान लावू, ते मातीच्या खाचांत बसतील. रिव्हेट मारून लावायचे तर रिव्हेटची डोकी वाटीत येणार आणि त्यांच्याभोवती साबण साचणार. डाग देऊन लावायचे तर तो जोड रोजच्या पाण्यात किती टिकेल याची काकांना खात्री नव्हती. त्यांनीच तोड काढली. काठ गोल छाटताना समोरासमोर दोन ठिकाणी बोटभर पत्रा सोडायचा आणि तो खाली वळवायचा. सबंध वाटी एकाच चकतीची, कुठे जोड नाही. मला हा तोडगा इतका आवडला की मी तेव्हाच आगाऊ रक्कम देऊन टाकली.

घडताना पाहायला मिळालं हे माझं भाग्य. साडेएकोणीस सेंटीमीटरची सपाट चकती. ती भट्टीत लाल करून पाण्यात विझवली. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं मऊच राहतं. मग लाकडी मोगरीने खोलगट जागेत बसवून कडेपासून आत आत ठोके. थोडं खोल गेलं की पत्रा हट्टी होतो, ठोक्याचा आवाजच बदलतो, आणि काका हात थांबवून पुन्हा भट्टीकडे जातात. तांबं मार खाऊन कडक होतं. तापवलं की पुन्हा ऐकतं. न तापवता रेटलं तर काठाला चीर जाते. अशा तापवण्या आणि ठोकण्याच्या फेऱ्यांनंतर चकतीची वाटी झाली, पण अजून ती दाबली तर लवत होती.

पुण्याच्या तांब्यावर जे चकाकणारे ठोके दिसतात त्या मठारकामाकडे मी आजवर नक्षी म्हणून पाहत होतो. काकांनी वाटी लोखंडी खुंटावर पालथी घातली आणि घोटलेल्या तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यामागचं काम कळलं. प्रत्येक ठोक्याने पत्रा थोडा दाबला जातो आणि कडक होतो. मठारून झालेली वाटी मी दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिली, ती हलली नाही. शेवटच्या तापवणीनंतर मठारकाम का करतात हे मग वेगळं सांगावं लागलं नाही. मठारल्यावर पुन्हा तापवली तर ही सगळी ताकद जाईल.

तळाच्या वळ्यांसाठी वाटीत राळ भरली, ती गार होऊन घट्ट झाल्यावर वाटी पालथी घातली आणि बाहेरून बोथट छिन्नीने तीन गोल खाचा उठवल्या. बाहेरून खाच, आतून उंचवटा. तीनच, आणि बोटाला जाणवतील न जाणवतील इतक्या. जास्त उंच केल्या असत्या तर ब्रशाचे केस तुटले असते आणि वळ्यांच्या माथ्यावरची कल्हई लवकर उडाली असती. भिंतीला आतून मठाराचे मंद पैलू दिसतात, तेवढी खरखर भिंतीला पुरते.

कल्हई मात्र मी तेव्हा करू दिली नाही. मातीचं वाडगं भाजून आल्यावर काठ किंवा कान जरा ठोकून जुळवावे लागणार हे उघड होतं, आणि कल्हईवर ठोके मारायचे नव्हते. धातू आहे त्या मापाचा राहतो, माती आक्रसते. तेव्हा आधी धातू, मग माती आणि सगळ्यांत शेवटी कल्हई हा क्रम. असं काही करून घेणाऱ्याने हा क्रम सोडू नये असं मी आग्रहाने सांगेन.

बिनकल्हईची वाटी वापरून का चालत नाही तेही इथेच सांगतो. साबणातली स्निग्धाम्लं ओल्या तांब्याशी संयोग पावतात आणि हिरवट तवंग धरतो. तो फेसात उतरतो, आणि फेस आपण नुकत्याच खरवडलेल्या त्वचेवर लावत असतो. पितळेचंही तेच. चांदीचा मुलामा चालला असता, पण त्याच्या खर्चात कल्हई कितीतरी वेळा करून होते.

वाडग्यासाठी मी पहिल्यांदा कुंभारवाड्यात गेलो. गणपतीचे दिवस जवळ येत होते, जिकडेतिकडे मूर्ती वाळत होत्या, तरी एका कुंभारदादांनी वाटी हातात घेऊन नीट ऐकून घेतलं. "आमची माती यात पाणी धरायची नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. लाल मातीचं भांडं कमी आचेवर भाजलेलं असतं, त्याला बारीक छिद्रं राहतात. माठातलं पाणी बाहेर झिरपून उडतं म्हणून तर गार होतं. मला ऊब ठेवायची होती आणि माठाचं सगळं कसब ऊब घालवण्यात आहे. "जास्त आचेची माती आणि आतून काच चढवलेली पाहिजे," म्हणत त्यांनी मला कोथरूडमध्ये चाकावर स्टोनवेअर करणाऱ्या एका ताईंकडे पाठवलं. स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे धाडणारा कारागीर भेटला की त्या धंद्याबद्दल आदर वाढतो.

ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो मापाचा. "तुम्हाला भाजल्यानंतर किती हवंय?" त्यांची माती ओल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत १२ टक्के आक्रसते. आडवा काठ सोडून वाटीचा बाहेरचा व्यास १२ सेंटीमीटर. भोवती दोन-दोन मिलिमीटर फट धरली तर वाडग्याचं तोंड आतून १२.४ हवं. म्हणजे चाकावर ते १४.१ उतरायला हवं. ताईंनी लाकडी पट्टीवर तेवढ्या अंतरावर दोन खिळे ठोकले आणि चाक फिरत असताना ती पट्टी तोंडावर धरून माप घेत गेल्या. भिंत अंगठ्याएवढी जाड वाटत होती; वाळून, तासून, भाजून ती सहा मिलिमीटर होणार होती.

पाणी ओतायला आणि काढायला तोंडाला एक चोच हवी होती. तांब्याचा काठ तोंड झाकतो, म्हणून चोच काठाच्या बाहेर येईल इतकी लांब. ताईंनी ती ओल्या मातीतच बोटाने ओढली. वेगळी करून चिकटवली असती तर पावसाळ्यात भिंत आणि चोच वेगवेगळ्या वेगाने वाळून सांध्यावर तडा जाण्याची भीती होती. खाचा माती जरा आवळल्यावर, चामड्याइतकी घट्ट झाली तेव्हा सुरीने कापल्या, बाहेरच्या बाजूने.

पाण्याच्या पातळीचा मुद्दा त्यांनीच काढला आणि तो माझ्या डोक्यात आला नव्हता. वाटी सव्वातीनशे ग्रॅमची, पण काठापर्यंत बुडाली तर ती पावणेपाचशे मिलिलिटरच्या घरात पाणी बाजूला सारेल. म्हणजे वाडगं काठोकाठ भरलं तर वाटी पाण्यावर उचलली जाणार आणि ब्रश लावला की डुचमळणार. ताईंनी एका भांड्यात पाणी घेऊन, माझी वाटी त्यात बसवून, ती कुठे हलकी पडायला लागते ते पाहिलं आणि वाडग्यात आतून एक बारीक रेघ कोरली. त्या रेघेपर्यंत पाणी, त्याच्या वर नाही. पेलाभर पाणी मावतं आणि वाटी काठावर घट्ट बसून राहते.

वाडगं प्लास्टिकखाली हळूहळू वाळलं. पुण्याच्या श्रावणात माती लवकर वाळत नाही आणि तिला घाई करायची नसते, यावर ताई ठाम होत्या. मध्येच मी फोन केला तेव्हा "अजून तळ गार लागतोय हाताला" एवढंच उत्तर मिळालं. हाताला गार लागते म्हणजे आत अजून ओल आहे. तशीच भट्टीत घातली तर वाफेने फुटते. पहिली भाजणी हजार अंशांच्या आसपास, मग आतून-बाहेरून राखाडी झिलई आणि दुसरी भाजणी साधारण १२३० अंशांना. तळ आणि तोंडाची कडा मात्र झिलईविना ठेवली. तळाला झिलई असती तर वाडगं भट्टीच्या फळीलाच चिकटलं असतं, आणि कोऱ्या कडेवर तांबं घसरत नाही हा माझा फायदा.

वाडगं आलं ते एका बाजूला अगदी थोडं लंबगोल होऊन. एवढ्या आचेला ते होतंच. ते घेऊन पुन्हा तांबट आळीत. काकांनी वाटी त्यात बसवली, एक कान खाचेत उतरेना, तो कानसीने घासला, काठाला दोन ठिकाणी मोगरीचे हलके ठोके दिले आणि वाटी पुन्हा बसवून ब्रशाच्या दांड्याने जोर लावून पाहिला. वाटी फिरली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि लगेच दुसऱ्या कामाला लागले.

कल्हईवाले आता शोधावे लागतात. काकांच्या ओळखीच्या एकाकडे गेलो. शुद्ध कथील वापरा, शिसं मिसळलेलं नको, हे मी आधीच सांगितलं. त्यांनी न रागावता कथलाची कांडी वाकवून कानाशी धरली आणि मलाही ऐकवली. चांगलं कथील वाकवताना करकरतं. वाटी आतून घासून स्वच्छ केली, निखाऱ्यांवर धरली, चिमूटभर नवसागर टाकला. पांढरा, नाकात जाणारा धूर उठला आणि तांब्यावरचा काळपटपणा निघून गेला. मग कांडी टेकवली. कथील २३२ अंशांनाच वितळतं, तांब्याला वितळायला १०८५ लागतात, म्हणून हे सगळं साध्या निखाऱ्यावर होतं. कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवलं आणि लाल वाटी पाहता पाहता चांदीसारखी उजळली. तीन वळ्यांवर त्यांनी बोळा पुन्हा पुन्हा फिरवला. आडव्या काठाची वरची बाजूही कल्हई करून घेतली, कारण ब्रश तिथे पुसला जातो. बाहेरून तांबं तांबंच ठेवलं.

आता रोजची रीत. ब्रश भिजत ठेवतो, तोवर वाडग्यात गिझरचं पाणी रेघेपर्यंत ओततो आणि वर वाटी बसवतो. उकळतं पाणी घेत नाही. त्याने फेस मोडतो आणि केसांच्या ब्रशालाही ते वाईट. मिनिटभरात तांबं हाताला ऊबदार लागतं. ब्रश झटकून साबणावर फिरवतो, मग वाटीत. वळ्यांमुळे मोठे बुडबुडे फार वेळ टिकत नाहीत, हे पहिल्याच सकाळी दिसलं. पाणी तीन-चार वेळा थोडं थोडं देतो. वाटी बोटांनी धरून ठेवावी लागत नाही, वाडग्याला डावा हात लावला की पुरे. आणि उलट्या हाताच्या वेळीही फेस कोमट असतो. मानेवरचं पुरळ कमी झालं. ते नुसत्या वाटीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, कारण पाण्याकडेही मी याच काळात लक्ष द्यायला लागलो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं बोअरचं पाणी मिसळतं. त्या जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून साका धरतं आणि कितीही घुसळा, फेस मरगळलेलाच राहतो. त्या दिवसांत फेसापुरतं पिण्याचं, गाळलेलं पाणी घेतो. चांगल्या वाटीनेही जड पाण्याचं काही होत नाही.

निगा सोपी आहे. झाल्याबरोबर वाटी धुऊन पालथी. रात्रभर फेस तसाच ठेवायचा नाही. बाहेरचं तांबं चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासावं, आतल्या कल्हईला मात्र चिंच, लिंबू, घासणी काहीही लावू नये, मऊ फडकं पुरतं. दाढीनंतर तुरटी फिरवता तो हात वाटीत घालू नका. तुरटीचं पाणी साबणाला फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी ब्रशात राहिलेल्या तुरटीमुळे फेस का बसतोय ते कळत नाही. वळ्यांच्या माथ्यावर लाल तांबं डोकवायला लागलं की पुन्हा कल्हई.

दुसरी वाटी सध्या काकांकडे आहे, सासऱ्यांसाठी. त्यांचा ब्रश लहान आहे, तेव्हा काठ साडेअकराचा धरला आहे, वळ्या दोनच. ते डावखुरे आहेत. माझ्या वाडग्याची चोच डावीकडे आहे, कारण उजव्या हातात ब्रश असतो आणि डाव्या हाताने पाणी ओततो. ती त्यांच्या ब्रशाच्या वाटेत आली. त्यांच्या वाडग्याला ताई चोच उजवीकडे ओढणार आहेत, आणि कान बसायच्या खाचाही त्या हिशोबाने सरकवायच्या आहेत. माती दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की चाकावर चढेल.